माघ-फाल्गुनातली कोकरं : पहिल्यांदाच मेंढ्या सांभाळणाऱ्यांसाठी

माघ सरत आला की आमच्या माणदेशात दिवस आणि रात्र एकमेकांना ओळख देत नाहीत. पहाटे घोंगडं पांघरूनही हुडहुडी भरते आणि दुपारी माळावर उभं राहवत नाही. ज्वारीची काढणी चाललेली असते, पांगारा फुललेला असतो, आणि भाद्रपद-आश्विनात फळलेल्या मेंढ्या नेमक्या याच दिवसांत वितात. फिरत्या वाड्यांची, म्हणजे कळप घेऊन हिंडणाऱ्या धनगरांच्या बिऱ्हाडांची, मोठी वीण बहुतेक दिवाळीच्या पुढे सुरू होते. पण घरच्या शेतावर दहा-वीस मेंढ्या सांभाळणाऱ्यांकडे उन्हाळ्याच्या तोंडावरची ही वीण असतेच असते. ज्यांनी आजवर मेंढी विताना पाहिलेलीच नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. माझ्या पाहण्यात नवख्यांकडची कोकरं रोगानं कमी आणि उपाशी राहून, गारठून जास्त दगावतात. तीही पहिल्या दोन दिवसांत. म्हणून पुढे जे काही सांगणार आहे त्यातला मोठा भाग त्या दोन दिवसांवरच खर्च होणार आहे.

तारीख मांडून ठेवा

मेंढी साधारण १४७ दिवस गाभण राहते. ढोबळ हिशेब पाच महिन्यांचा. १५ सप्टेंबरला मेंढा लागला असेल तर ९ फेब्रुवारीच्या आसपास वीण धरा, दोन-चार दिवस इकडे-तिकडे. वीस मेंढ्यांना एक चांगला मेंढा पुरतो. मेंढा सोडताना त्याच्या छातीला तेलात कालवलेला गेरू लावायचा आणि दर दोन-तीन दिवसांनी तो पुन्हा लावायचा. ज्या मेंढीच्या पाठीवर गेरू उमटला, तिच्या नावापुढे वहीत तारीख. नव्या माणसाला वीस मेंढ्या सारख्याच दिसतात, म्हणून वही हवीच.

तारीख हुकली असेल तर अंगाकडे बघा. वीण जवळ आली की कास भरते, सड ताठ होतात, शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना खळगे पडतात आणि पोट खाली उतरतं. विण्याच्या दिवशी मेंढी कळपातून बाजूला होते, पायानं जमीन उकरते, बसते, उठते, पुन्हा बसते. चारा पुढ्यात असून तोंड लावत नाही. कळपातली मेंढी एकटी उभी राहिली की तिच्याकडे लक्ष ठेवायचं, एवढं जमलं तरी पुष्कळ झालं.

शेवटचा दीड महिना

पोटातल्या कोकराची दोन तृतीयांशाहून जास्त वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते. आपल्याकडे नेमका तेव्हा माळ वाळलेला असतो. नुसत्या माळावर सोडलेली मेंढी व्याली तर कोकरू हलकं येतं आणि कासेत दूध नसतं. म्हणून या काळात रोज दोनशे ते अडीचशे ग्रॅम खुराक द्या. मक्याचा भरडा, तुरीची चुणी, थोडी शेंगदाणा पेंड, असं घरात असेल ते चालतं. जोडीला लसूणघास, शेवरी, सुबाभळीचा पाला. सुबाभूळ मात्र भरमसाट घालू नका, एकूण चाऱ्यात तिचा वाटा थोडाच असावा.

गाईम्हशींचं खनिज मिश्रण मेंढीला घालू नका. मेंढीला तांबं सोसत नाही. ते यकृतात साठत जातं आणि एके दिवशी धडधाकट जनावर आडवं होतं. मेंढीसाठीचं मिश्रण वेगळं मागून घ्या.

विण्याच्या तीन-चार आठवडे आधी आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यात विष तयार होऊन जनावर एकाएकी मरतं त्या रोगाची, लस पशुवैद्यकाकडून टोचून घ्या. मेंढीत प्रतिकारशक्ती वारेतून (गर्भाला पोसणाऱ्या, विल्यावर बाहेर पडणाऱ्या आवरणातून) पोटातल्या पिल्लाकडे जात नाही, ती जाते चिकातून, म्हणजे विल्यानंतरच्या पहिल्या घट्ट दुधातून. आईला वेळेवर लस दिली तरच चिकात ती उतरते. पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग) आणि देवीची लस राहिली आहे का, हेही त्याच वेळी विचारून घ्या.

जागा आणि सामान

विणाऱ्या मेंढीला चार फूट बाय पाच फुटांची वेगळी जागा पुरते. बांबूच्या ताट्या किंवा लोखंडी जाळी लावून कप्पा करा. खाली साळीचं काड किंवा वाळलेलं पाचट, कोरडं ठणठणीत. आडोसा करताना एक चूक सर्रास होते. माणूस उभा राहून बघतो आणि वारा लागत नाही असं ठरवतो. कोकरू जमिनीवर झोपतं. तिथं गुडघे टेकून बसा, हात जमिनीलगत धरा. ताट्यांच्या खालच्या फटीतून येणारा वारा हाताला लगेच कळेल. तिथं गोणपाट जमिनीपर्यंत सोडा. वरून मात्र हवा खेळती हवी, नाहीतर लेंड्या-मुताच्या वाफेनं कोकरं खोकू लागतात.

सामान फार लागत नाही. टिंक्चर आयोडीन आणि रुंद तोंडाची छोटी बाटली, धुतलेली जुनी सुती फडकी, हातमोजे, थर्मामीटर, वजनाचा हुकाचा काटा, दूध पाजायची बाटली आणि तिचं निपल, बॅटरी. आणि जवळच्या पशुवैद्यकाचा नंबर. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे, तोही गोठ्याच्या दारावर खडूनं लिहून ठेवा.

घरात कुणी गरोदर असेल तर तिनं विणीच्या कामात, वारेजवळ, नव्या कोकरांजवळ अजिबात जाऊ नये. मेंढ्यांत गर्भपात घडवणारे काही रोग माणसाला लागतात आणि पोटातल्या बाळाला धोका होतो. बाकीच्यांनीही हातमोजे घालूनच हात लावावा. पडलेली वार आणि गाभडलेली पिल्लं कुत्र्यांपुढे टाकू नका, चुना घालून खोल पुरा.

विताना

पाण्याची पिशवी दिसली की लांब बसा. इथं तुमचं काम फक्त बघण्याचं आहे. सरळ येणाऱ्या कोकराचे आधी दोन पुढचे खूर दिसतात आणि त्यांच्यावर टेकलेलं नाक, पाण्यात सूर मारणाऱ्या पोरासारखं. असं दिसलं की निश्चिंत व्हा. जुनी मेंढी अर्ध्या-पाऊण तासात मोकळी होते, पहिलारूला, म्हणजे पहिल्यांदाच विणारीला, थोडा जास्त वेळ लागतो.

पिशवी फुटून तास होत आला, मेंढी जोर करते आहे आणि पुढे काहीच सरकत नाही, तर थांबू नका, फोन करा. नुसतं डोकं बाहेर आलं आणि पाय नाहीत, एकच पाय आहे, किंवा शेपटी दिसते आहे, अशा वेळीही तेच. आत हात घालून ओढण्याचा प्रयोग पहिल्या वर्षी करू नका. गर्भाशय फाटून मेंढी जाते. वेणा याव्यात म्हणून मेडिकलमधून इंजेक्शन आणून टोचणारेही भेटतील. पिल्लू आडवं असेल तर त्या इंजेक्शननं आई आणि पिल्लू दोन्ही हातचे जातात.

कोकरू बाहेर पडलं की नाकातोंडावरचा चिकट पडदा बोटानं काढा. श्वास घेत नसेल तर काडाची एक काडी नाकपुडीत फिरवा, शिंक आली की काम झालं. मग कोकरू उचलून आईच्या तोंडासमोर ठेवा आणि मागे सरका. ती चाटते, घशातल्या घशात एक बारीक आवाज काढते. पुढे कोकरं लहान असेपर्यंत तिच्या तोंडून तो आवाज ऐकू येत राहतो. चाटण्यातून कोकरू कोरडं होतं, त्याचं रक्त खेळतं, आणि त्याचा वास आईच्या डोक्यात बसतो. साबणानं, डेटॉलनं कोकरू पुसून काढलंत तर हा वास जातो आणि आई त्याला ढुशी मारते. अगदीच थंडी असेल तर फडक्यानं पाठ आणि छाती कोरडी करा, शेपटीकडचा भाग आईसाठी राहू द्या.

नाळ आपोआप तुटते. उरलेला तुकडा आयोडीनच्या बाटलीत पूर्ण बुडवा, वरवर थेंब टाकून भागत नाही. संध्याकाळी पुन्हा एकदा. नाळेतून गेलेली घाण सांध्यात उतरते आणि आठ-दहा दिवसांनी कोकरू गुडघे सुजवून लंगडू लागतं. वार साधारण सहा तासांत पडते. बारा तास उलटले तर पशुवैद्यकाला सांगा. लोंबणारी वार ओढू नका.

पहिले दोन तास

पहिल्या वर्षी माझ्याकडे एका पहिलारू मेंढीचं कोकरू रात्री जन्मलं. काळंभोर, कपाळावर पांढरा ठिपका. सकाळी ते उभं होतं, आईच्या कासेत तोंड खुपसून शेपटी वळवळवत होतं. मी समाधानानं शेतावर गेलो. दुपारीही तेच दृश्य, कासेत तोंड आणि शेपटी वळवळते आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे ते काडावर ताठ होऊन पडलेलं होतं. शेजारच्या शेतात वाडा बसला होता. तिथले तात्या आले, त्यांनी मेंढी आडवी केली आणि अंगठा-बोटात धरून सड पिळला. आधी काहीच आलं नाही. जोरानं दाबल्यावर सडाच्या तोंडातून मेणासारखा पिवळट खडा टपकन बाहेर पडला, आणि त्यामागे चिकाची घट्ट धार. कास भरलेली होती. कोकरू रात्रभर आणि दिवसभर बंद सड चोखत राहिलं होतं. तात्या एवढंच म्हणाले, "शेपटी बघून फसू नगंस लेकरा, प्वाट बघ."

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. वार पडायची वाटही न बघता मेंढीचे दोन्ही सड पिळायचे, दोन-तीन धारा जमिनीवर जाऊ द्यायच्या. सडांभोवती लोकर जास्त असेल तर कातरून टाकायची, कारण कोकरू लोकरीचा पुंजका तोंडात धरूनही चोखत बसतं. मग ते उभं राहायची वाट बघायची. चांगलं कोकरू अर्ध्या तासात पायावर येतं. धडपडतं, पुढच्या पायांच्या मध्ये कास शोधतं, आई गोल फिरते. या गोंधळात मध्ये पडू नका. तासाभरात लागलं नाही तर मेंढीला भिंतीशी धरा, कोकराचं तोंड सडाशी न्या, एक धार त्याच्या जिभेवर सोडा.

दोन तासांच्या आत चीक पोटात गेलाच पाहिजे. किलोमागे ५० मिली हा हिशेब. दख्खनी मेंढीचं कोकरू अडीच-तीन किलोचं असतं, म्हणजे पहिल्या वेळी १२५ ते १५० मिली, आणि चोवीस तासांत असं तीन-चार वेळा. चिकातली प्रतिकारशक्ती आतड्यातून रक्तात जाते ती फक्त पहिल्या दिवसात, त्यातही पहिल्या काही तासांत सर्वांत जास्त. दुसऱ्या दिवशी पाजलेला चीक पोट भरतो, एवढंच.

आणि मग पोट बघायचं. कोकरू पुढच्या पायांखाली हात घालून उचला, मागचे पाय लोंबू द्या, दुसरा हात बरगड्यांच्या खाली ठेवा. प्यालेल्या कोकराचं पोट गच्च आणि गरम लागतं. उपाशी कोकराचं पोट आत गेलेलं, कातडी सैल, बरगड्यांमागे खळगा. मग बोट तोंडात घाला. तोंड गरम असायला हवं. दोन दिवस, दर तीन-चार तासांनी, रात्रीसुद्धा, हे दोन हात प्रत्येक कोकराला लावा.

खरवसाचा मोह या घरात नको. एखादीला चीक जास्तच असेल, किंवा तिचं कोकरू दगावलं असेल, तर तो पिळून छोट्या बाटल्यांतून फ्रीजरमध्ये ठेवा. पुढच्या मेंढीचं दूध उतरलं नाही तर तोच कामी येतो. वितळवताना बाटली कोमट पाण्यात धरायची. उकळत्या पाण्यात धरली तर आत खरवस तयार होईल आणि त्यातलं संरक्षण जळून जाईल. शेळीचा चीकही चालतो.

गारठलेलं कोकरू

कोकराच्या अंगाचं तापमान ३९ ते ४० अंश सेल्सियस असतं. ३७ च्या खाली गेलं की जीव धोक्यात. कोकरू पाठ कमानीसारखी करून, चारही पाय जवळ घेऊन उभं असेल, तोंड गार असेल, तर लगेच थर्मामीटर लावा.

जन्मून पाच तास झाले नसतील तर आधी कोरडं करा. मग खोक्यात काड घाला, गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून दोन्ही बाजूंना ठेवा, वरून घोंगड्याचा तुकडा. उघड्या शेकोटीशी धरू नका, एका बाजूनं भाजतं आणि दुसऱ्या बाजूनं गारच राहतं. अंगात ऊब येऊन मान उचलू लागलं की चीक पाजा. मान टाकलेल्या कोकराच्या घशात दूध ओतलंत तर ते फुप्फुसात जातं. त्या घाईनं वाचणारी कोकरंही गेलेली मी पाहिली आहेत.

कोकरू त्याहून मोठं असेल, उपाशी असेल आणि मान टाकून पडलं असेल, तर त्याच्या अंगातली साखर संपलेली असते. तसंच ऊब दिली तर झटके येऊन मरतं. आधी पशुवैद्यकाकडून ग्लुकोज, मग ऊब.

आई जवळ घेत नसेल तर

दख्खनी मेंढी सहसा एकच कोकरू देते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं सुंदरबनातल्या गारोळ मेंढीचं जुळ्याचं जनुक दख्खनीत आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली. तुमच्याकडे ती असेल तर जुळी धरूनच चला आणि खुराक वाढवा. जुळ्यातलं धाकटं मागे पडतं, म्हणून दोघांची पोटं वेगवेगळी तपासा.

पहिलारू मेंढी कधीकधी कोकराला घाबरते. तिला कप्प्यात बांधून दिवसातून पाच-सहा वेळा धरून पाजलं तर दोन-तीन दिवसांत बहुतेक वेळा जमतं. पोरकं कोकरू दुसऱ्या आईला लावायचं तर ती विते त्याच वेळी तिच्या पाण्यानं त्याचं अंग भिजवा आणि तिच्या स्वतःच्या पिल्लाआधी तिच्यापुढे ठेवा. धनगरांच्या वाड्यात मेंढ्यांबरोबर चार शेळ्या असतात. घरच्या चहादुधाइतक्याच त्या अशा पोरक्यांच्याही उपयोगी पडतात. मेंढीचं दूध गाईच्या दुधापेक्षा बरंच दाट असतं, म्हणून बाटलीवर वाढवताना गाईचं दूध पाणी घालून पातळ करू नका. पहिले काही दिवस शंभर मिलीच्या आसपास, दिवसातून पाच-सहा वेळा, कोमट. कोकरू उभं ठेवून पाजा, मान फार वर करू नका.

माळावर

आठवडाभर तरी कोकरू कळपामागे नेऊ नका. फिरत्या वाड्यांवर मेंढ्या चरायला जातात आणि कोकरं बिऱ्हाडाजवळ बायकांच्या नजरेखाली वाघरीत, म्हणजे जाळ्याच्या कुंपणात, राहतात. जागा हलवायची असली की नुकती जन्मलेली घोड्यावर बसून जातात. घरच्या कळपालाही हीच रीत चांगली. दोन आठवड्यांची झाली की ती पाला कुरतडू लागतात. त्यांना शेवरीच्या, लसूणघासाच्या जुड्या उंचावर टांगून द्या, खाली टाकलात तर तुडवतात आणि लेंड्यांसकट खातात. बसायची जागा ओली राहिली तर तीन-चार आठवड्यांची कोकरं रक्ती हगवणीनं आजारी पडतात.

आयांना चारताना दोन जागांपासून जपा. एक, कापलेल्या ज्वारीच्या बुडख्यांतून फुटलेले कोवळे हिरवे फुटवे. दिसायला सुंदर, खायला विष, काही मिनिटांत मेंढ्या आडव्या होतात. दुसरी, मळणीचं खळं. सांडलेलं धान्य पोटभर खाल्लं की पोटात आंबतं, आणि आंत्रविषारही उसळतो. याउलट बाभळीच्या शेंगा म्हणजे या दिवसांतला मेवा. वाळून पडू लागल्या की मेंढ्या झाडाखालून हलत नाहीत. गोळा करून पोत्यात भरून ठेवा, चैत्र-वैशाखात फार उपयोगी पडतात.

लांडग्यांनी हिवाळ्यात पिल्लं घातलेली असतात, या दिवसांत त्यांचीही तोंडं वाढलेली असतात. उसाच्या पट्ट्यात बिबट्या, गावाजवळ मोकाट कुत्री. रात्री कळप बंदिस्त हवा, उंच जाळीच्या आत, आणि राखणीला माणूस. दिवसा वितणाऱ्या मेंढीजवळ कावळे जमले तर हाकला, ओल्या कोकराच्या डोळ्यांवर चोच मारतात.

दिवस मावळताना

मेंढ्या चरून परत आल्या की कोकरं सोडायची. दोन-तीन मिनिटं नुसता कल्लोळ असतो. आया बेंबाटत येतात, कोकरं चुकीच्या कासेशी जातात, ढुशी खातात, पुढे पळतात. मेंढी मागून शेपटीखाली हुंगते, ओळख पटली की पाय फाकवून उभी राहते. हळूहळू आवाज कमी होत जातो आणि शेवटी चोखण्याचा चुटूचुटू आवाज तेवढा उरतो. त्या वेळी हातातलं काम बाजूला ठेवून तिथं उभे राहा. सगळ्या जोड्या लागल्यावरही एखादं कोकरू जाळीशी एकटं उभं दिसलं, तर ते उचला आणि बरगड्यांखाली हात घाला.